घेतले खरे, पण आपले झाले का?

मराठीचा मास्तर असल्यामुळे मला एक खोड लागली आहे. दुकानात गेलो की वस्तूंच्या आधी मी पाट्या वाचतो. 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी दिसली की दोन मिनिटे थांबून तिच्यातला स्वाभिमान न्याहाळतो. आमच्या घरात या खोडीला कोणी भीक घालीत नाही. "अहो, पाट्या काय वाचता? भाव वाचा," असे सौभाग्यवतींचे म्हणणे असते, आणि महिन्याच्या वीस तारखेनंतर तर ते अगदीच रास्त असते.

परंतु अलीकडे दुकानाला पाटी राहिलेलीच नाही. दुकान खिशात असते. त्यातली सर्वांत ठळक पाटी म्हणजे एक रंगीत बटण, आणि त्यावरची अक्षरे दोनच : 'विकत घ्या'. गेली काही वर्षे या दोन शब्दांकडे मी संशयाने पाहू लागलो आहे.

देवघेवीच्या बाबतीत आपली भाषा मोठी काटेकोर आहे. शेजारच्या वहिनींकडून वाटीभर साखर आणली तर ती 'उसनी'. कार्याला मोठी पातेली आणली तर ती 'भाड्याने'. शेत कसायला घेतले तर 'खंडाने', आंब्याची बाग धरली तर 'मक्त्याने', बांगड्या सावकाराकडे गेल्या तर 'गहाण', आणि लग्नाला जाताना मित्राचा कोट घातला तर तो 'मागून आणलेला'. ज्या त्या व्यवहाराला ज्याचा त्याचा शब्द आहे, आणि त्यांत कोणी घोटाळा करीत नाही. या सर्वांच्या वरचा शब्द म्हणजे 'विकत'. पैसे मोजले, वस्तू हाती आली, देणाऱ्याचा संबंध संपला. पुढे ती मी वापरीन, मोडीन, भाच्याला देईन, नाहीतर भंगारवाल्याला घालीन. भांडेवाला चार वर्षांनी दारात येऊन "तुमच्या कळशीचा माझा करार संपला, ती परत न्यायला आलो," असे म्हणू लागला तर वाडा गोळा होईल.

आता पुढची हकीकत ऐका. २००९ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतल्या काही वाचकांनी आपले किंडल उघडले. किंडल म्हणजे पुस्तके वाचण्याची ती पाटीसारखी चपटी पेटी. पैसे देऊन घेतलेली दोन पुस्तके त्यांतून नाहीशी झालेली होती. पुस्तके जॉर्ज ऑर्वेलची होती : '१९८४' आणि 'अॅनिमल फार्म'. झाले होते असे की, ज्या मंडळींनी ही पुस्तके अॅमेझॉनच्या दुकानात विकायला ठेवली, त्यांना ती विकण्याचा हक्कच नव्हता. ही गोष्ट ध्यानात येताच दुकानाने लोकांचे पैसे परत केले आणि त्यांच्या हातातल्या यंत्रांतून ती पुस्तके दुरूनच पुसून टाकली. ज्या कादंबरीत सरकार जुने कागद नाहीसे करीत असते, नेमकी तीच कादंबरी अशी नाहीशी व्हावी, हा योग एखाद्या विनोदी लेखकाने रचला असता तर संपादकांनी 'अतिरंजित' म्हणून साभार परत केला असता. एका शाळकरी मुलाने अभ्यासासाठी पुस्तकावर टिपणे केली होती. पुस्तकच गेल्यावर ती टिपणे निरर्थक झाली, आणि प्रकरण कोर्टात जाऊन तडजोडीने मिटले. कंपनीच्या प्रमुखांनी, जेफ बेझोस यांनी, जाहीर माफी मागितली.

माफी मागितली हे ठीकच झाले. पण मला खटकली ती निराळी गोष्ट. दुकानदाराचा हात आपल्या घरातल्या कपाटापर्यंत पोहोचतो, हे त्या दिवशी प्रथम उघड झाले.

दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, मायक्रोसॉफ्टने आपले पुस्तकांचे दुकान बंद केले. दुकाने बंद होतात, त्यात नवल नाही. आपल्याकडेही किती चांगली पुस्तकांची दुकाने गेली! पण दुकान गेले म्हणून आपल्या घरचे पुस्तक गेले, असे कधी कोणी ऐकले आहे काय? येथे तेच झाले. दुकानाबरोबर विकली गेलेली सारी पुस्तकेही वाचता येईनाशी झाली. कंपनीने पैसे चोख परत केले, आणि ज्यांनी पुस्तकांवर खुणा वा टिपणे केली होती त्यांना २५ डॉलर जास्त दिले. समासातल्या टिपणांचा बाजारभाव इतक्या अधिकृतपणे ठरल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

हे वाचले तेव्हा मला आमच्या अण्णांची सार्थ ज्ञानेश्वरी आठवली. पहिल्या पानावर त्यांचे नाव, तारीख आणि 'किंमत' या शब्दापुढे खोडलेला आकडा, कारण पुस्तक जुन्या बाजारातले. आत पेन्सिलीने केलेल्या खुणा. त्यांतल्या काही खुणा अण्णांच्याही आधीच्या कोणा अज्ञात गृहस्थाच्या आहेत, आणि अण्णांनी एके ठिकाणी त्या गृहस्थांशी वाद घातला आहे. अण्णा गेल्यावर पुस्तक माझ्याकडे आले. त्यासाठी मला कोणाची परवानगी काढावी लागली नाही. पुढे ते चिरंजीवांकडे जाईल, आणि तो ते उघडील की नाही हा त्याचा प्रश्न. यंत्रातल्या पुस्तकाच्या अटी मात्र बारीक अक्षरांत वाचून पाहा. ते विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. आपण घेतो तो पुस्तकाचा नुसता परवाना. आणि हा परवाना बहुधा आपल्याबरोबरच संपतो.

मौज अशी की प्रकाशकांच्या मनातली ही इच्छा फार जुनी आहे. अमेरिकेत 'द कास्टअवे' नावाची एक कादंबरी निघाली होती. बॉब्ज-मेरिल या प्रकाशनसंस्थेने तिच्यात एक सूचना छापली : या पुस्तकाची किंमत एक डॉलर, त्याहून कमी किमतीला विकण्याची परवानगी कोणाही दुकानदाराला नाही, विकल्यास हक्कभंग समजला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसीज या बड्या दुकानाने ती सूचना वाचली आणि खुशाल ८९ सेंटला पुस्तक विकले. भांडण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९०८ साली न्यायालयाने प्रकाशकाच्या विरुद्ध निकाल दिला. प्रत एकदा विकली की तिच्यावरचा तुमचा ताबा सुटला. पुढे ती कोणी कितीला विकावी हे तुम्ही सांगायचे नाही. आपल्या अप्पा बळवंत चौकात दर जूनमध्ये जुन्या क्रमिक पुस्तकांची जी उलाढाल होते, तिच्यामागचा विचार याहून निराळा काय असतो? गरिबाच्या मुलाचे शिक्षण कित्येकदा अशाच तीनदा विकल्या गेलेल्या पुस्तकावर झाले आहे. जे न्यायालयाने १९०८ मध्ये नाकारले, ते आता 'मला अटी मान्य आहेत' या चौकोनात एक टिचकी मारून आपण आपखुशीने देऊन टाकतो.

कोणाला वाटेल की हा मास्तर यंत्रांचा शत्रू आहे. मुळीच नाही. आमच्या दोन खोल्यांत आता पुस्तक ठेवायला जागा नाही; डोळे अधू झालेल्या माणसाला अक्षर मोठे करून वाचता यावे यासारखे सुख नाही; आणि मासिक वर्गणी भरून गाणी ऐकण्यात तर मला काहीच गैर वाटत नाही. वर्गणी ही वर्गणी आहे, ती वाचनालयाला आपण भरतोच. २०२३ च्या मार्चमध्ये स्पॉटिफाय आणि झी म्युझिक यांचा करार पुढे चालला नाही, आणि कित्येक हिंदी चित्रपटगीते श्रोत्यांच्या याद्यांतून एका रात्रीत मुकी झाली. चिरंजीव त्या दिवशी फार चिडले होते. मी त्याला म्हटले, "बाबा रे, तू भाडेकरू आहेस. मालकाने माडी बंद केली." ते त्याला पटले. माझे भांडण भाड्याशी नाही. पूर्ण किंमत 'विकत'ची घ्यायची आणि वस्तू 'भाड्या'ची द्यायची, हे जे शब्दांचे वजन मारणे चालले आहे, त्याच्याशी आहे.

आणि हे भांडण माझे एकट्याचे नाही. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये एक कायदा केला व तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. तुम्ही देत असलेला माल जर मागे घेता येण्याजोगा परवाना असेल, तर ते गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितल्यावाचून 'विकत घ्या' हा शब्द बटणावर लिहिता येणार नाही. एका क्रियापदासाठी विधिमंडळ बसले! व्याकरणाच्या मास्तराला याहून मोठे समाधान कोणते? अर्थात त्याच वर्षीच्या फेब्रुवारीअखेर अॅमेझॉनने किंडलचे पुस्तक आपल्या संगणकावर उतरवून तारेने यंत्रात घालण्याची जुनी सोयही काढून घेतली. म्हणजे शब्द सुधारला, पण कपाटाची एक किल्लीही गेली.

पुस्तके आणि गाणी हवेतली, त्यांचे असे व्हायचेच, असे म्हणून समाधान मानावे तर हातात धरता येणाऱ्या वस्तूंची तरी काय कथा आहे? आमच्या घरचा लॅपटॉप दोन वर्षांपूर्वी मंद झाला. नेहमीच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. हा गृहस्थ मोठा हुन्नरी. त्याने मागचे झाकण उघडले आणि मेलेल्या माणसाची नाडी सोडावी तसे ते परत लावले.

"साहेब, मेमरी वाढवता यायची नाही. बोर्डावरच सोल्डर केलीय."

"पूर्वीच्यात तर तूच वाढवून दिली होतीस."

"पूर्वी खाच होती. जुनी काढायची, नवी घालायची. आता खाचच नाही. कंपनीनं ठरवलंय, घेताना जेवढी घेतली तेवढीच."

मी कंपनीचे नाव घेत नाही. बहुतेक सगळ्यांचीच रीत आता ही झाली आहे. यंत्र पातळ होते, वेगही थोडा वाढतो, असे समर्थन केले जाते आणि त्यात तथ्यही आहे. पण पातळ यंत्रासाठी देव पाण्यात घालून बसलेला एकही मध्यमवर्गीय मी पाहिलेला नाही.

वस्तू मुद्दाम अल्पायुषी करण्याची कल्पना संगणकवाल्यांनी शोधली नाही. डिसेंबर १९२४ मध्ये जिनीव्हा येथे जगातल्या मोठ्या दिवे-कंपन्यांनी मिळून फीबस नावाचा एक संघ केला. विजेचा दिवा हजार तास जळावा, फार जास्त जळता कामा नये, असे त्यांनी आपसांत ठरवले, आणि ज्या कारखान्याचे दिवे जास्त टिकतील त्याला दंड! आपल्या मालाच्या चांगुलपणाबद्दल दंड भरणारे कारखानदार इतिहासात हेच असावेत.

आजच्या गोष्टी याहून सूक्ष्म असतात. २०१७ च्या डिसेंबरात अॅपलने कबूल केले की जुन्या बॅटरीच्या आयफोनांचा वेग नव्या आज्ञावलीतून कमी केला जातो. त्यांचे कारण खोटे नव्हते. बॅटरी थकली की फोन एकदम बंद पडतो, ते टाळण्यासाठी ही योजना. पण हे आधी सांगितले नाही. लोकांना वाटले फोनच म्हातारा झाला, आणि ते नवा घ्यायला निघाले. वास्तविक नवी बॅटरी पुरली असती. फ्रान्समध्ये कंपनीला २०२० साली अडीच कोटी युरोंचा दंड झाला, तो न सांगण्याबद्दल. डॉक्टराने औषध दिले म्हणून कोणी भांडत नाही. न सांगता दिले म्हणून भांडतात.

छपाईयंत्रांचे तर विचारूच नका. यंत्र स्वस्त द्यायचे आणि शाईत वसूल करायचे हा जुनाच धंदा. परंतु सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या कित्येक प्रिंटरांनी दुसऱ्या कंपनीच्या शाईच्या डब्या एका दिवसात नाकारल्या. काल चालत होत्या, आज चालेनात. आतली आज्ञावली बदलली होती. ओरड झाल्यावर कंपनीने दिलगिरी व्यक्त केली आणि ती अडवणूक काढण्याची सोयही दिली. पण ज्या वस्तूने आपल्या घरात राहून आपल्या मालकाऐवजी कारखान्याचे ऐकावे, तिला आपली कशी म्हणावे?

एका बाबतीत मात्र मी कारखानदारांची बाजू घेईन, कारण लोक उगीच ओरडतात. एक टेराबाइटची हार्ड डिस्क घरी आणून जोडली की संगणक ९३१ गिगाबाइट दाखवतो. सौभाग्यवतींनी लगेच निदान केले, "गवळ्यासारखं पाणी घातलंय." पाणी घातलेले नाही. कारखानदार हजाराच्या पटीने मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीने, पण नाव दोघेही एकच लावतात. मापे दोन आणि नाव एक, एवढाच घोटाळा. माल मात्र पुरा आहे.

युरोपात याविरुद्ध हालचाल सुरू आहे. तेथे फोन आदी वस्तूंना एकाच तऱ्हेचे चार्जर डिसेंबर २०२४ पासून सक्तीचे झाले, आणि फेब्रुवारी २०२७ पासून अशा वस्तूंची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता यावी असा नियम केलेला आहे. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक खात्यानेही २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली व त्याच वर्षी एक संकेतस्थळ उघडले. पण आपल्याकडे दुरुस्तीचा हक्क कायद्याने नव्हे, तर गल्लीबोळांतल्या हुन्नरी लोकांनी इतकी वर्षे सांभाळला, हे विसरून चालणार नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ज्याने एकदा मेलेले यंत्र जिवंत करून घेतले आहे, त्याला मी काय म्हणतो ते कळेल.

हे सारे परदेशी कंपन्यांचे कारस्थान, असा निष्कर्ष कोणी काढू नये म्हणून आता आमच्या मराठीची गोष्ट सांगतो. ती मला या सर्वांहून जास्त लागते.

संगणक अक्षर ठेवीत नाही, अक्षराचा क्रमांक ठेवतो. रोमन अक्षरांचे क्रमांक पूर्वीच ठरलेले होते. देवनागरीसाठी भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये एक प्रमाण ठरवले, आणि त्याच वर्षी युनिकोड या जागतिक व्यवस्थेच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीला जागा मिळाली. म्हणजे घर बांधून तयार होते. पण छापखान्यांचे काम चालायचे निराळ्याच रीतीने. अक्षरसंच विकणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या घरांत आपले काने, मात्रा आणि अर्धी अक्षरे बसवली. पडद्यावर 'क' दिसे, पण आत साठवले जाई एखादे रोमन अक्षर. प्रत्येक विक्रेत्याची बैठक वेगळी. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या संचात उघडला की वेड्याची बडबड. शिवाय चोरी होऊ नये म्हणून कित्येकदा संगणकाच्या पाठीमागे एक लहानसे कुलूप लावावे लागे. ते निघाले की अक्षरे गेली. वृत्तपत्रे, दिवाळी अंक, पुस्तके, सर्व काही वर्षानुवर्षे अशा रीतीने जुळवले गेले. पाने लावायला वापरात असलेल्या पेजमेकरला युनिकोड समजतच नव्हते, आणि त्याची सातवी आवृत्ती २००१ मध्ये निघाली तीच शेवटची. अक्षरसंच करणाऱ्यांना मी सरसकट दोष देत नाही. त्यांनीच मराठीला पडद्यावर आणले, आणि काही नमुने तर फार देखणे होते. पण बैठकीचा तक्ता उघड करून ठेवावा, एवढे औदार्य धंद्याला सुचले नाही.

आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकाचे २००३ ते २००७ चे पाच अंक असे जुळवलेले आहेत. मी तेव्हा नवा अधिव्याख्याता, म्हणून संपादनाचे ओझे माझ्याकडे. अक्षरसंच रीतसर पैसे मोजून विकत घेतला होता; पावती अजून कार्यालयात आहे. ज्या संगणकावर तो होता तो भंगारात गेला, कुलूप आहे पण ते लावायची खाच नव्या संगणकाला नाही. ग्रंथालयातल्या छापील प्रतींना वाळवी लागली. चार अंक कसेबसे पुरे मिळाले. २००४ च्या अंकाची एकच प्रत हाती आली, तीही शिपाई मामांच्या घरून, कारण त्यात त्यांच्या मुलीचा फोटो होता. तिच्यात ४१ ते ४८ ही आठ पाने नाहीत. तबकडीवर मजकूर पुरा आहे, परंतु उघडला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा. रूपांतर करून देणारी साधने मिळतात, ती आम्ही लावून पाहिली. ती दुसऱ्या संचांची निघाली.

या वर्षी द्वितीय वर्षाच्या वर्गातल्या एका मुलीने ते काम हाती घेतले आहे. ती मोडी शिकलेली आहे, त्यामुळे न लागणाऱ्या अक्षराची तिला भीती वाटत नाही. तिने सरळ उपाय काढला : जी पाने छापील आहेत ती समोर ठेवायची, तबकडीवरचा त्याच पानांचा चिवडा शेजारी ठेवायचा, आणि कोणत्या चिन्हाला कोणता काना, कोणती वेलांटी, याचा तक्ता करायचा. तिच्या वहीत आता दोनशेच्या वर चिन्हे लागली आहेत. तिचे दोन वर्गमित्र रोज अर्धा तास बसून लागलेला मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित करतात, आणि मी जोडाक्षरे तपासतो. 'द्ध' आणि 'द्य' यांनी फार छळले. 'क्ष' अजून दोन रूपांनी येतो.

आठांपैकी पाच पाने लागली. त्यांत क्रीडाविभागाचा अहवाल आहे, सहलीचे एक वर्णन आहे आणि एका प्राध्यापकांना दिलेला निरोप आहे. ते प्राध्यापक आता हयात नाहीत. सहाव्या पानावर कविता आहे असे ओळींच्या लांबीवरून दिसते. खाली नाव लागले आहे, 'प्रथम वर्ष कला' हेही लागले आहे. पहिल्या कडव्यातले तीन शब्द अजून अडले आहेत. दिवाळीच्या सुटीनंतर पुन्हा बसायचे ठरले आहे.